मेंदूतल्या अळीचा पत्ता शोधायचा कुणी?

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी ओपीडीत एक कुटुंब आले. वसईच्या पूर्व पट्ट्यात चांदीप आणि त्याच्या आजूबाजूला जी भातशेतीची गावे आहेत, त्या बाजूचे. अकरावीत शिकणारी मुलगी, तिचे आईवडील, आजी आणि काका. आदल्या दिवशी मुलीला वर्गातच फिट आली होती. आधी उजवा हात थरथरू लागला, मग तोंड एका बाजूला ओढले गेले, मग शुद्ध हरपली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. दोन-तीन मिनिटांत फिट थांबली. ती आपोआपच थांबते, पण श्रेय कांद्याला गेले.

स्कॅन काढला. मेंदूच्या डाव्या भागात वाटाण्याएवढे एक पांढरे कडे दिसत होते, भोवती थोडी सूज आणि कड्याच्या आत, एका बाजूला, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचे डोके. निदानाबद्दल फारशी शंका उरली नाही. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे पट्टकृमीच्या अळीने मेंदूत केलेले घर. आपण ज्याला टेपवर्म म्हणतो, तोच हा कृमी.

मी वडिलांना सांगितले की ही कॅन्सरची गाठ नाही, औषधाने बरी होणारी गोष्ट आहे. त्यांचा चेहरा सैल होण्याऐवजी आणखी आक्रसला. हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "मॅडम, स्कॅन सेंटरवर एकाने सांगितलं, हे डुकराच्या मांसातून होतं म्हणून. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. चार पिढ्यांचे माळकरी आम्ही. गावात कळलं तर लोक काय म्हणतील?" मागून आजी हळूच म्हणाली, "आणि पोरीच्या लग्नाचं काय?"

सरकारी रुग्णालयातल्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. दर वेळी आम्ही डॉक्टर मेंदूतल्या अळीवर उपचार करतो, फिटच्या गोळ्या लिहून देतो, पुढची तारीख देतो. पण ती अळी आली कुठून, हे शोधायला आम्ही जवळजवळ कधीच जात नाही. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे, आणि त्यात मी स्वतःलाही वगळत नाही.

आधी त्या माळकरी वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

या कृमीचे शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. त्याच्या आयुष्याचे दोन टप्पे आहेत आणि माणसाला तो दोन वेगवेगळ्या वाटांनी गाठतो. पहिली वाट मांसाची. कृमीची अळी डुकराच्या स्नायूंमध्ये, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पाणीदार पुटीत बसलेली असते. असे मांस कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ले, तर ती अळी माणसाच्या आतड्याला डोक्याने चिकटते आणि तिचा पट्टीसारखा, काही मीटर लांबीचा कृमी होतो. तो आतड्यात काही वर्षे राहू शकतो. बहुतेकांना त्याचा काही त्रासही होत नाही. फार तर पोटात थोडे दुखते, किंवा शौचावाटे पांढरे चपटे तुकडे पडताना दिसतात. हा रोग आतड्याचा. यात मेंदूला काही होत नाही.

दुसरी वाट अंड्यांची. आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून ते तुकडे बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. जंताच्या अंड्यांना मातीत काही आठवडे पिकावे लागते. ही अंडी बाहेर पडताक्षणीच दुसऱ्याला बाधा करायला तयार असतात. शौचानंतर हात नीट धुतले गेले नाहीत की नखांखाली बसून ती पोळीच्या कणकेत, चटणीत, पाण्याच्या माठात जातात. उघड्यावर शौच झाले की मातीत, ओढ्यात, भाजीच्या वाफ्यात जातात. ती ज्याच्या पोटात जातील, त्याच्या आतड्यात अंड्यातून सूक्ष्म अळी बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते आणि रक्तातून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत पोहोचते. डुकराच्या अंगात पुट्या होतात त्या याच वाटेने. म्हणजे या वाटेवर माणूस डुकराच्या जागी उभा असतो.

म्हणून मेंदूतली अळी डुकराचे मांस खाण्यातून येत नाही. ती कृमी बाळगणाऱ्या दुसऱ्या एखाद्या माणसाच्या शौचातून येते, क्वचित स्वतःच्याही. ज्याने आयुष्यात मांसाला स्पर्श केला नाही, त्यालाही ती होऊ शकते. माळ घातल्याने माणूस मांसापासून लांब राहतो, पण दुसऱ्याच्या न धुतलेल्या हातापासून नाही.

मांस आणि आतड्यातला कृमी यांचे नाते १८५५ साली जर्मन डॉक्टर फ्रीडरिश क्युखेनमाइस्टर यांनी सिद्ध केले. त्यांची पद्धत आज कोणत्याही नैतिकतेच्या समितीपुढे टिकणार नाही. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्यांनी पुट्या असलेले मांस नकळत खाऊ घातले आणि फाशीनंतर शवविच्छेदनात त्याच्या आतड्यात वाढू लागलेले कृमी पाहिले. म्हणजे हे ज्ञान दीडशेहून अधिक वर्षे जुने आहे. तरीही आपल्याकडे दोन गैरसमज घट्ट आहेत. एक, हा "डुक्कर खाणाऱ्यांचा" रोग आहे. दुसरा, हा कोबीतून होतो.

कोबीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी अनेक घरांतून कोबी हद्दपार केला आहे. कोबीच्या पानांत दिसणारी हिरवी अळी ही फुलपाखराची किंवा पतंगाची असते. तिचा पट्टकृमीशी काहीही संबंध नाही. ती चुकून पोटात गेली तरी मेंदूत जात नाही. कृमीची अंडी मात्र कोणत्याही भाजीवर असू शकतात, जर ती भाजी सांडपाण्यावर वाढली असेल किंवा घाणेरड्या पाण्यात धुतली असेल. रेल्वे रुळांच्या कडेला सांडपाण्यावर पिकणारा पालक आपण सगळ्यांनी खिडकीतून पाहिला आहे. कोथिंबीर, मुळा, गाजर, सॅलडची पाने ही कच्ची खाल्ली जातात, त्यामुळे ती वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवायला हवीत. शिजवलेली भाजी, मग ती कोबीची असो की पालकाची, सुरक्षित आहे. कोबी टाकून दिला आणि हात धुतले नाहीत, तर काहीच साधले नाही.

डुकराच्या मांसाबद्दलही तेच. वसईत सणासुदीला सोरपोतेल शिजते. ते तास-दोन तास मंद आचेवर शिजणारे मांस असते आणि त्या उष्णतेत अळी जिवंत राहत नाही. धोका अर्धकच्च्या भाजलेल्या तुकड्यात असतो, आणि ज्या डुकराला माणसाची विष्ठा खायला मिळते त्या डुकरात असतो. डुकराला ती खायला मिळते, कारण माणसाने ती उघड्यावर ठेवलेली असते. साखळीच्या प्रत्येक कडीत माणूस आहे. रोगाचे खापर मात्र एखाद्या जनावरावर, जमातीवर किंवा खाद्यसंस्कृतीवर फुटते.

आता मेंदूत काय होते ते पाहू. अळी मेंदूत पोहोचली की पुटी करून बसते आणि बराच काळ, कधी कधी वर्षानुवर्षे, गप्प राहते. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ती चकवत असते. ती मरू लागली की हे चकवणे संपते, शरीर तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि त्या सुजेमुळे फिट येते. भारतात सर्वाधिक दिसणारे रुग्ण याच प्रकारचे आहेत : एकच अळी, मरणपंथाला लागलेली, मेंदूच्या पृष्ठभागाजवळ. काही रुग्णांत मात्र डझनांनी पुट्या असतात, किंवा त्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत अडकून पाणी साचते. तो रोग वेगळाच, आणि जिवावर बेतणारा असतो.

ही वर्षानुवर्षांची शांतता पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लक्षात आली ती ब्रिटिश सैनिकांमुळे. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या सैनिकांना फिट येऊ लागल्या. अनेकांवर आधी मानसिक आजाराचा शिक्का बसला. लष्करी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९६१ साली डिक्सन व लिप्सकोम या दोघांनी अशा ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. बाधा भारतातली, फिट कित्येक वर्षांनी इंग्लंडमधली. ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांची मोजदाद केली. त्यांच्या छावण्यांभोवतीच्या गावांत किती जणांना फिट येत होत्या, त्याची मोजदाद कुणी केली नाही.

आपल्याकडे हे चित्र स्पष्ट झाले ते सीटी स्कॅन आल्यावर, आणि त्यात महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली, शरीराच्या एका भागापासून सुरू होणाऱ्या फिटच्या भारतीय रुग्णांत स्कॅनवर दिसणाऱ्या कड्यासारख्या किंवा चकतीसारख्या ठिपक्यांवर शोधनिबंध लिहिला. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली, सर्व अंगभर अळ्या पसरलेल्या रुग्णांचे वर्णन आणि प्राझिक्वान्टेल या औषधाचा अनुभव 'ब्रेन' या नियतकालिकात मांडला.

त्या काळात अशा ठिपक्यांना आपण सर्रास क्षयाची गाठ समजत असू. माझ्या शिकाऊ दिवसांत फिट आलेल्या कितीतरी मुलांना वर्ष-दीड वर्ष टीबीची औषधे दिली जात. काही महिन्यांनी स्कॅनवरचा ठिपका नाहीसा होई आणि औषध लागू पडले असे सगळे मानत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मेंदूशल्यविशारदांनी असे ठिपके प्रत्यक्ष काढून तपासले, तेव्हा त्यांतले बहुसंख्य मरू घातलेल्या अळीचे निघाले; ते औषध नसतानाही विरघळले असते. त्यांनी घालून दिलेले निकष आजही आम्ही वापरतो : ठिपका एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूवरचा दाब वाढलेला नाही, अशक्तपणा वाढत चाललेला नाही. असे असेल तर आधी अळीचा विचार करावा. पण मेंदूतला क्षयही आपल्याकडे आहेच, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

उपचाराबद्दल वाचकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, फिटचे औषध सर्वात महत्त्वाचे आणि ते मनाने बंद करायचे नाही. एकच ठिपका असेल, तो पूर्ण विरघळला आणि फिट आली नाही, तर काही महिन्यांनी डॉक्टर ते हळूहळू थांबवू शकतात. ठिपक्याच्या जागी चुन्याचा खडा राहिला, तर औषध जास्त काळ लागते.

दुसरी, "अळी आहे ना, मग जंताची गोळी घेतो" हा विचार धोक्याचा आहे. अल्बेन्डाझोल हे औषध मेंदूतल्या अळीवर चालते, पण ते ठरावीक दिवस, सूज आवरणाऱ्या स्टेरॉइडसोबत, आणि आधी डोळे तपासूनच द्यायचे असते. मेंदूत भरपूर अळ्या असतील किंवा डोळ्यात अळी असेल, तर औषधाने त्या एकदम मरतात आणि त्यांच्याभोवती उसळलेली सूज डोळा किंवा जीव घेऊ शकते. २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फरिदाबादच्या एका १८ वर्षांच्या तरुणाचा एमआरआय प्रसिद्ध झाला होता. मेंदूभर पुट्या होत्या आणि उजव्या डोळ्यातही. त्याच कारणाने त्याला अळी मारणारे औषध देता आले नाही, आणि दोन आठवड्यांत तो गेला. अळी मेली आणि नुसता चुन्याचा खडा उरला असेल, तर या गोळीचा काही उपयोगच नसतो.

तिसरी, शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी गोळी मुलांनी जरूर घ्यावी, पण ती मुख्यतः गोल जंत, आकडेकृमी यांच्यासाठी आहे. तिच्या एका मात्रेने पट्टकृमी हटकून जाईल असे नाही. मुलाला कधी फिट येऊन गेली असेल, तर गोळीआधी तसे सांगावे.

आता मूळ तक्रारीकडे येते.

क्षयाचा रुग्ण सापडला की काय होते? त्याची नोंद सरकारदरबारी करावीच लागते. खासगी डॉक्टरांवरही २०१२ पासून ते बंधन आहे. मग आशाताई घरी जातात, घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात, लहान मुलांना पाहतात. कुष्ठरोगातही घरातल्यांची तपासणी होते. यामागचा विचार साधा आहे : आजार माणसाकडून माणसाकडे गेला, तर ज्याच्याकडून गेला त्याला शोधायला हवे, नाहीतर तो आणखी कुणाला तरी देईल. मेंदूतली अळीसुद्धा माणसाकडूनच माणसाकडे जाते. तरी तिची नोंद नाही, घरभेट नाही, स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आम्ही मेंदूचे हजारो रुपयांचे एमआरआय करतो आणि काही रुपयांची शौच तपासणी करत नाही.

मेंदूतल्या अळीवर उपचार केल्याने तो रुग्ण बरा होतो, पण रोगाचा प्रसार तसूभरही थांबत नाही. मेंदूतली अळी कुणाला बाधत नाही. बाधतो तो कुणाच्या तरी आतड्यातला कृमी, आणि तो माणूस आमच्या ओपीडीत येतच नाही, कारण त्याला काही होत नसते.

त्याला शोधता येते का? येते. याचे सर्वात बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९९०च्या सुमारास तिथल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार जणांना फिट येऊ लागल्या आणि मेंदूत अळी सापडली. ही माणसे धर्माने डुकराला शिवत नाहीत. आपल्या माळकरी कुटुंबासारखाच तिथेही लोकांना धक्का बसला. तपास करणाऱ्यांनी घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्यांसह, तपासणी केली. एका घरातल्या कामगार स्त्रीच्या आतड्यात कृमी होता, आणि आणखी एका कामगार स्त्रीच्या रक्तात बाधेच्या खुणा सापडल्या. ज्या देशांत हा रोग जास्त, तिथून त्या पोटासाठी आल्या होत्या. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले. लॉस एंजेलिसमध्ये त्याच सुमारास अशा रुग्णांची नोंद आणि घरच्यांची तपासणी सुरू झाली. ज्यांना बाधा तिथेच झाली होती, अशा रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश जणांच्या निकटवर्तीयांत आतड्यात कृमी असलेला माणूस सापडला.

न्यूयॉर्कची गोष्ट सांगताना मला दर वेळी एक भीती वाटते. कुणीतरी घरी जाऊन कामवाल्या मावशींना संशयाने पाहील. तसे करू नका. आपल्याकडे कृमी बाळगणारा माणूस घरातलाच असण्याची शक्यता तितकीच आहे. तो गुन्हेगार नाही. त्याला माहीतही नसते. शिवाय सर्वात मोठा धोका त्याच्या स्वतःच्या मुलांना आणि स्वतःला असतो. त्याला कामावरून काढून टाकले, तर तो कृमी घेऊन दुसऱ्या घरी जाईल. त्याला उपचार मिळाले, तर सगळी घरे सुरक्षित होतील.

त्या मुलीच्या कुटुंबाचे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्या दिवशी मी सगळ्यांना एकत्र बसवून हे चक्र समजावले आणि विचारले, "घरात कुणाला शौचातून पांढऱ्या पट्टीसारखे, कधी कधी हलणारे तुकडे दिसतात का? आत्ता सांगायची गरज नाही. आठवून बघा, नंतर सांगा." कुणी काही बोलले नाही. आठवड्याने काका एकटेच आले. ते टेम्पो चालवतात, महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेर. दार लोटून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी विचारलं ते... मला दिसतात. वर्ष झालं असेल. मी बाहेर खातो. घरी माहीत नाही."

तपासणीत अंडी सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली गायीच्या मांसातल्या पट्टकृमीची अंडीही अशीच दिसतात, त्यामुळे पुतणीची अळी त्यांच्यामुळेच आली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण उपचार तर करायचाच होता. त्यांना फिट किंवा सततची डोकेदुखी नाही याची खात्री करून औषध दिले. ही काळजी घ्यावी लागते, कारण प्राझिक्वान्टेलसारखे औषध आतड्यातल्या कृमीसोबत मेंदूत लपलेल्या अळीलाही डिवचू शकते. निक्लोसामाइड आतड्यातून रक्तात जात नाही, म्हणून ते जास्त सुरक्षित. कृमी गेला. त्यांचा एकच प्रश्न होता : "माझ्यामुळे झालं का हो पोरीला?" मी म्हटले, "तुम्ही आलात म्हणून तिच्या धाकट्या भावाला आता होणार नाही, एवढं मात्र मी सांगू शकते." ते बराच वेळ बसून राहिले.

ते आले, कारण मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता आणि कुणावर बोट ठेवले नव्हते. पण हे योगायोगाने झाले. त्या दिवशी ओपीडीत गर्दी कमी होती. एरवी दीडशे रुग्णांच्या रांगेत मीही गोळ्या लिहून पुढचा नंबर पुकारला असता. अशा योगायोगावर सार्वजनिक आरोग्य चालत नाही.

यावर माझे सहकारी एक रास्त आक्षेप घेतात. अळी मेंदूत वर्षानुवर्षे गप्प राहते, तेव्हा फिट येईपर्यंत ज्याच्याकडून बाधा झाली तो कधीचाच निघून गेलेला असतो. शिवाय शौच तपासणीत कृमी बऱ्याचदा निसटतो. दोन्ही खरे आहे. बहुतेक घरांत काही सापडणार नाही. पण मूल जितके लहान, तितकी बाधा अलीकडची आणि शोधण्याची शक्यता जास्त. तपासणी एकाऐवजी तीन दिवसांच्या नमुन्यांवर केली तर निसटण्याचे प्रमाण कमी होते. आणि तुकड्यांबद्दल विचारायला तर काहीच खर्च नाही. दहा घरांत एक कृमीवाहक सापडला, तरी तो पुढे ज्यांना ज्यांना बाधा देऊ शकला असता, ते सगळे वाचतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिथे हा कृमी मुरलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांचे कारण तो असतो. वेल्लोर परिसरातल्या पाहणीतही हे प्रमाण जवळपास एक तृतीयांश निघाले. अपस्माराची बहुतेक कारणे आपल्याला टाळता येत नाहीत. हे टाळता येते.

पेरू देशाच्या तुंबेस प्रांतात ते करून दाखवले गेले. तिथे माणसांना कृमीचे औषध, डुकरांना औषध आणि लस असे एकत्र देऊन १०७ गावांत मोहीम राबवली आणि जवळजवळ सर्व गावांत प्रसार थांबला. २०१६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डुकरांची ही लस ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात विकसित झाली आणि तिचे उत्पादन होते आपल्या हैदराबादेत. आपण ती बनवतो, पण आपल्या डुकरांना ती देण्याची मोहीम आपण काढलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. मेंदूतल्या अळीचे निदान झाले की त्याची नोंद सक्तीची असावी, सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणी. नोंदीनंतर पंधरा दिवसांत आरोग्यसेविका किंवा आशाताईंची एक घरभेट व्हावी : तुकड्यांबद्दलचे प्रश्न, शौचाचे नमुने, सापडल्यास मोफत उपचार, कुठेही नाव न फोडता. निक्लोसामाइड प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावे. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा नियम आहेच; ती कागदापुरती न राहता तिच्यात हा एक प्रश्न विचारला जावा. पशुसंवर्धन विभाग आणि आरोग्य विभाग यांनी डुक्करपालकांशी एकत्र बोलावे, दंडाची पावती घेऊन नव्हे तर लस घेऊन. आणि वीटभट्ट्यांवर, बांधकामांच्या जागी, हंगामी मजुरांच्या वस्त्यांत पाणी असलेले संडास असावेत. पाणी असलेले म्हणते, कारण पाण्याविना बांधलेले संडास सरपण ठेवायला वापरले जातात, हे गावात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

हे होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते हातच. संडासनंतर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी साबणाने हात धुवा, नखे कापा. कच्ची भाजी वाहत्या पाण्यात धुवा. मांस पूर्ण शिजवा. शौचात पट्टीचे तुकडे दिसले तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. एका औषधाचा प्रश्न आहे. कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा शोधत बसू नका, आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा.

त्या मुलीचा ठिपका सहा महिन्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये विरघळलेला दिसला. आजीने पुन्हा लग्नाचा विषय काढला. मी सांगितले की हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे एकेकाळी लग्न रद्द करण्याचे कारण होते, पण संसदेने ते १९९९ सालीच काढून टाकले आहे. आजीला कायद्यात रस नव्हता. तिने विचारले, "म्हणजे आमच्या माळेला दोष नाही ना?"

"माळेला नाही," मी म्हटले. "आजी, घरात साबण ठेवता ना मोरीवर?"

ती म्हणाली, "आता ठेवतो."